पुस्तकातली दोन माणसं

बापूसाहेबांना इंग्रजी येत नव्हतं, हे आख्ख्या बेलापूरला ठाऊक होतं. आणि ते येतं असं धरून आख्खं बेलापूर वागत होतं. रोज सकाळी ते ओसरीवर आरामखुर्ची टाकून इंग्रजी पेपर उघडत, मधूनच मान हलवत, मधूनच 'हं' म्हणत. त्यांचा ड्रायव्हर नाना एकदा आदल्या दिवशीचाच पेपर पुन्हा ठेवून आला, तरी त्यांनी तितक्याच ठिकाणी 'हं' म्हटलं. हे नानानं आमच्या दुकानात येऊन सांगितलं आणि पोट धरून हसला, आणि बाहेर बापूसाहेबांची चाहूल लागताच टोपी काढून ताठ उभा राहिला. तेव्हापासून मी नानालाही माणसात धरलं नाही. त्या वयात मी फारच थोड्यांना माणसात धरत असे. घरच्यांनी नाव ठेवलं होतं करुणा, पण ते नाव लोकांनी मला हाक मारण्यापुरतंच उपयोगाचं होतं.

आमचं दुकान श्रीरामपूरच्या रस्त्याला होतं. पुढे पत्र्याची शेड, तिच्यात वडिलांची ऐरण, पंप, साखळी-कप्पी. मागे दोन खोल्या, त्यात आम्ही तिघं. वडील याकोब मिस्त्री. मिशनच्या शाळेत लोहारकाम आणि फिटरकाम शिकलेले. हातात पाना आला की कुणाचंही न ऐकणारे आणि पाना खाली ठेवला की कुणाचंही ऐकणारे. जागा बापूसाहेबांची. कागद नाही, करार नाही. 'राहा की मिस्त्री' एवढ्या दोन शब्दांवर आम्ही बारा वर्षं राहत होतो, आणि ते शब्द आपण बोललो होतो याची आठवण बापूसाहेब चारचौघांत वडिलांना करून देत असत. वडील मान खाली घालून हसत. त्या हसण्याचा मला इतका राग यायचा की मी उठून आत जायची. वस्तीतली मॅट्रिक झालेली मी एकटी मुलगी. तिच्या बापानं असं हसावं, हे मला सहन होत नसे.

ते दुष्काळाचं साल होतं. रस्त्याच्या पलीकडे खडी फोडायचं काम निघालं होतं. सकाळी उजाडलं की शेकडो हातोड्यांचा आवाज सुरू व्हायचा, तो दिवस मावळेपर्यंत. पहिले काही दिवस डोकं उठलं, मग तो आवाज बंद झाला की चुकल्यासारखं वाटायला लागलं. रेशनवर तांबडी मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली ज्वारी, मिळायची. तिची भाकरी थापताना तुटायची, म्हणून आई उकळत्या पाण्यात पीठ भिजवायची, आणि तुटलीच तर चर्चमधलं गाणं गुणगुणत ती पुन्हा जोडायची. आठवड्यातून एकदा हुलग्याचे शेंगोळे करायची. लसूण आणि लाल मिरचीच्या रश्शात ते रटरटायला लागले की वडील पाना टाकून आत यायचे, न बोलावता. आता माझी सून कुकरमध्ये शेंगोळे लावते आणि वर ओल्या नारळाचा कीस घालते. चांगले होतात म्हणतात सगळे. मी खाते आणि गप्प बसते.

तर बापूसाहेबांची गाडी. ती विलायती होती, जुनी, काळी. आपल्या देशी परत निघालेल्या एका पाद्रीसाहेबाकडून त्यांनी घेतलेली. तिचं नाव सांगत नाही, कारण तिचा काही दोष नव्हता. त्या वर्षी तिचं नाक खाली गेलं होतं. म्हणजे मागून कमानपाटे जसेच्या तसे, पण पुढचा भाग जमिनीकडे झुकलेला. आणि नेमका पंधरा दिवसांनी कुणी मंत्री दुष्काळी कामं बघायला येणार होता. त्याला स्टेशनपासून आपल्या गाडीत बसवून न्यायचं, असं बापूसाहेबांनी ठरवलं होतं. ते दुकानात आले, मागे पाच-सहा जणांचा लवाजमा. म्हणाले, गाडी अशी नमस्कार घातल्यागत दिसते. माझी गाडी कुणापुढं वाकलेली दिसायला नको. लवाजम्यातल्या एकानं लगेच मडगार्डखाली वीत लावली आणि सांगितलं की तीन बोटं उतरलीय. दुसऱ्यानं मूठ लावून पाच बोटं सांगितली. तिसऱ्यानं काहीच न लावता चार सांगितली, आणि बापूसाहेबांना चार पटली. ज्याची बोटं जाड त्याची गाडी कमी उतरलेली, एवढी साधी गोष्ट त्या सहा डोक्यांत मिळून शिरत नव्हती. नाना म्हणाला, रबराचे ठोकळे घाला अन् मोकळे व्हा.

वडिलांनी ठोकळे घातले नाहीत. त्यांनी सांगितलं की या गाडीला पुढं स्प्रिंग नसते. लांब सळई असते, ती पीळ खाऊन गाडी तोलते. वय झालं की सळईचा पीळ सैल पडतो. मागच्या टोकाला दाते असतात, तिथून एकेक दाता सरकवून गाडी परत उचलता येते. पण किती उचलायची ते बोटांनी ठरत नाही. बनवणाऱ्यांनी ठरवलेली उंची पुस्तकात असते. ते पुस्तक गाडीच्या डिकीत होतं, पाद्रीसाहेबाच्या वेळेपासून कुणी न उघडलेलं. वडिलांना इंग्रजी आकडे यायचे, वाक्यं येत नव्हती. बापूसाहेब म्हणाले, "मी वाचून सांगितलं असतं, पन चष्मा घरी हाय." पुस्तक माझ्याकडे आलं.

मी ते कसं वाचलं, हे मला सांगायलाच हवं. मी दारात तांदूळ निवडत होते, लवाजमा अजून बोटं मोजत होता, आणि वडील माझ्यासमोर उकिडवे बसून एखाद्या लहान मुलासारखे माझ्या तोंडाकडे बघत होते. मला सगळ्यांचाच कंटाळा आला होता. मी वाचलं: चाकांत हवा सारखी भरावी, टाकी भरलेली असावी, गाडी सपाट जमिनीवर असावी, थोडी पुढेमागे ढकलावी, पुढून तीनदा दाबून सोडावी, पुढच्या सीटवर दोन माणसं बसवावीत, मग चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या खिळीपासून जमिनीपर्यंत मोजावं, उंची साडेसहा इंच. यात दोन माणसांपुढे आणखी काही शब्द होते. पौंडांचे. एवढ्याशा गोष्टीला पौंडाचे किलो कोण करत बसणार? माणूस म्हणजे माणूस, असं म्हणून मी ते वाचलंच नाही आणि तांदळाकडे वळले.

मग सपाट जमिनीचा शोध. आपल्याकडे सपाट म्हणून जी जमीन म्हणतात तिच्यावर वडिलांनी रबरी नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी बघितली, आणि प्रत्येक ठिकाणी बोटभर, दोन बोटं फरक निघाला. चर्चचा व्हरांडा, शाळेचं पटांगण, सोसायटीचा ओटा, सगळं वाकडं. शेवटी बापूसाहेबांच्या धान्याच्या गोदामाची शहाबादी फरशी पातळीत सापडली. बापूसाहेब दुष्काळात सगळ्यांना सांगत असत की गोदाम मोकळं पडलंय. पुढचं अर्धं मोकळं होतंच. मागच्या अर्ध्यात ताडपत्रीखाली ज्वारीची पोती छताला लागली होती. वडिलांनी तिकडे बघितलं, मग खाली बघितलं, आणि खडूनं चार चाकांच्या जागा आखायला लागले. मी मनात म्हटलं, झालं, हा माणूस यावरही मान खाली घालणार.

दोन माणसं म्हणून पलीकडच्या खडीवरून धोंडू आणि त्याची बायको तुळसा आली. दोघंही तिकडे पूर्वेकडच्या कोरड्या भागातली, कामासाठी आलेली, रस्त्याकडेच्या पालात राहायची. ती गाडीत बसली तेव्हा तुळसानं आधी पदरानं सीट पुसली. वडिलांनी मोजलं, उतरवलं, दाता सरकवला, पुन्हा बसवलं. तिसऱ्या खेपेला दोन्ही बाजूंना साडेसहा इंच भरले, आणि वडिलांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी फक्त शेंगोळ्यांपुढे पाहिलं होतं.

दुसऱ्याच दिवशी बापूसाहेब लवाजम्यासह गाडी बघायला, म्हणजे दाखवायला, निघाले. आत सातजण. पुढेच तिघं. खडीच्या कामापाशी रस्त्यात एक दगड वर आलेला होता. गाडीचं नाक पुरतं उचललं गेलेलं नव्हतंच, आणि इंजिनाखालचं ऑईलचं चेंबर त्या दगडावर आपटून फुटलं. सगळं ऑईल रस्त्यावर. काम थांबवून शेकडो माणसं बघायला उभी राहिली, आणि बापूसाहेबांना आमच्या दुकानापर्यंत चालत यावं लागलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "आठ दिसांत गाडी सरळ झाली तर झाली. न्हाईतर ही जागा मोकळी कर, मिस्त्री." आई आत भाकरी थापत होती, तिचा हात थांबला आणि तव्यावरची भाकरी जळाल्याचा वास आला. रात्री जेवताना तिनं एवढंच विचारलं, की पुणतांब्याला तिच्या बहिणीकडं किती दिवस राहता येईल.

वडिलांनी चेंबर उतरवून वेल्डिंगला टाकलं आणि पुस्तक पुन्हा माझ्यापुढे आणून ठेवलं. आता मी ती ओळ पूर्ण वाचली: दोन माणसं, प्रत्येकी दीडशे पौंडांची. हिशेब केला, अडुसष्ट किलो. म्हणजे धोंडू-तुळसासारख्या हलक्या माणसांवर गाडी मोजली गेली होती, म्हणून तिचं नाक खालीच राहिलं होतं. पण खोटं मला सहज सुचलं. म्हटलं, "बाबा, पुढच्या पानावर आणखी एक ओळ आहे, ती मी पाहिली नव्हती." त्यांनी पानाकडे पाहिलं, 'बरं' म्हणाले. दुपारी बापूसाहेबांच्या ओसरीवर त्यांना बोलावलं होतं, मीही सोबत गेले. काय चुकलं ते सांग, असं बापूसाहेबांनी विचारल्यावर वडील म्हणाले, पुस्तक वाचण्यात माझीच गफलत झाली. लवाजमा खदखदून हसला. मिस्त्री इंग्रजी वाचायला लागला, आता कलेक्टरच व्हायचा राहिला, असं कुणीतरी म्हणालं. मी तिथेच खांबाला टेकून उभी होते. एक शब्द बोलले नाही. त्या ओसरीवरच्या सगळ्या माणसांना मी आजवर मूर्ख म्हणत आले आहे, पण त्या दिवशी तिथे सर्वांत हलकं माणूस कोण होतं, ते मला तेव्हाही माहीत होतं.

अडुसष्ट किलोची दोन माणसं गावात नव्हती असं नाही. ती सगळी त्याच ओसरीवर बसलेली होती. वडिलांनी त्यांतल्या दोघांना विचारलं, घटकाभर गाडीत बसता का, आधी काट्यावर वजन करू. ते चिडले. धान्याच्या काट्यावर माणूस चढवतात का, म्हणाले. आम्ही काय पोती आहोत? एकानं तर वजन केल्यानं दृष्ट लागते असं सांगितलं. यांच्या अंगाला दृष्ट लागून जरा उतरलं असतं तर गावाचं बरंच झालं असतं.

मग पुन्हा धोंडू आणि तुळसाच आली. गोदामातच मोठा काटा होता. धोंडू भरला सत्तेचाळीस, तुळसा अडतीस. मी कागदावर वजाबाकी केली. एक्कावन्न किलो कमी. मला वाटलं, वडील आता लोखंडाचे तुकडे आणतील, पाने, हातोडे, ऐरण. ते गोदामाच्या मागच्या अर्ध्यात गेले, ताडपत्री वर केली, एक पोतं खाली ओढलं, त्याची शिवण सोडली आणि रिकाम्या बारदानात काट्यावर मोजून ज्वारी भरायला लागले. नाना दारात उभा होता, तो पांढरा पडला. वडिलांनी धोंडूच्या मांडीवर एकवीस किलो ठेवली, तुळसाच्या मांडीवर तीस. तुळसा त्या ज्वारीला दोन्ही हातांनी धरून बसली होती, जसं कुणी झोपलेलं मूल धरतं. गाडी खाली बसली. वडिलांनी मोजलं, पाऊण इंच कमी. दाते सरकवले, गाडी पुढेमागे ढकलली, तीनदा दाबली, मोजलं. दोन्हीकडे साडेसहा.

"झालं," वडील म्हणाले. "आता हे घिऊन जा."

दोघं गाडीतून उतरली, पण ज्वारी उचलेनात. धोंडू नानाकडे बघत होता. तुळसानं विचारलं, "मिस्त्री, ही ज्वारी आमची म्हनायची का गाडीची?"

"तुमच्यात जेवढी कमी हाय तेवढीच हाय," वडील म्हणाले. "उचला."

तिनं तीस किलोचं बारदान डोक्यावर घेतलं, आणि त्याच वेळी बापूसाहेब दारात आले. नानानं निरोप धाडला असणार. त्यांची नजर आधी उघड्या ताडपत्रीवर गेली, मग तुळसाच्या डोक्यावर. ते वडिलांना म्हणाले, "ज्वारी कुठं चालली?" वडिलांच्या हातात पाना अजून होता. ते म्हणाले, पुस्तकात लिहिलंय तसं चाललंय. "पुस्तकात ज्वारी?" बापूसाहेब म्हणाले. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं, "करुणे, वाच."

मी ती ओळ इंग्रजीत वाचली. मोठ्यानं, शाळेत बक्षीस मिळालं होतं त्या सुरात. एका दमात संपली. मग मराठी सांगायला लागले: दोन माणसं, प्रत्येकी दीडशे पौंडांची, पुढच्या सीटवर बसवावीत, माणूस वजनाला कमी भरला तर तूट धान्यानं भरून काढावी, आणि ते धान्य गाडीच्या मालकानं त्याच माणसाला द्यावं, परत घेतल्यास गाडी पुन्हा खाली बसते. हे सगळं मी डोळा न चुकवता सांगितलं. भीती वाटली नाही. त्या माणसाबद्दल माझ्या मनात इतका तिटकारा साचला होता की भीतीला जागाच उरली नव्हती.

बापूसाहेबांनी पुस्तक मागितलं. त्या दिवशी चष्मा खिशात होता, त्यामुळे तो लावावा लागला. ते पानावर बोट फिरवत राहिले. बोट ओळीच्या पुढे गेलं, चित्रावर गेलं, परत आलं. नाना बघत होता, धोंडू बघत होता. येत नाही एवढं म्हटलं असतं तर त्यांची ज्वारी वाचली असती.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "मागंच वाचलं हुतं मी हे."

ज्वारी गेली. जागा राहिली, वडील असेपर्यंत आम्ही तिथेच होतो. मंत्री आला तो सरकारी जीपमधून आला, स्टेशनवर हार घेतले आणि त्याच जीपमधून निघून गेला. काळ्या गाडीकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही, आणि ती अगदी नाक वर करून दिवसभर उन्हात उभी राहिली. पुढे ती कुठे भंगारात गेली मला माहीत नाही, आणि जाणून घ्यावंसंही वाटलं नाही.

त्या दिवशी गोदामातून घरी आलो तेव्हा मी हवेत होते. पहिल्यांदा बापाचा अभिमान वाटत होता आणि त्याहून जास्त स्वतःचा. वडील शेडमध्ये रॉकेलनं हात धूत होते. मी शेजारी उभी राहून बापूसाहेबांचं ते फिरणारं बोट करून दाखवत होते. ते हसले नाहीत. नखांतलं काळं काढत म्हणाले, "इंग्रजीत ओळ एवढीशी हुती. मराठीत लई लांब झाली."

मी म्हटलं, इंग्रजी तशीच असते.

"आसंल," ते म्हणाले. "पयल्या बारीला तीच ओळ मराठीत झालीच न्हाई." मग चिंधीला हात पुसत, माझ्याकडे न बघता बोलले, "पान तेच हुतं, करुणे. आकडे मला येत्यात."

एवढं बोलून ते आत जेवायला गेले. मी मागून गेले आणि खाली मान घालून ताटावर बसले. आईच्या हातून टोपली घेऊन त्यांनी पहिली भाकरी माझ्या ताटात वाढली.